मार्लिस कोवोलिकचा आवाज

मार्लिसचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती आमच्यावर ओरडत होती. १९७८ चा जुलै. होल्टरबेकच्या उघड्या तरण तलावावर रविवारी उन्हाळी जत्रा होती आणि तीन दिवस आधी आम्ही तिघं तिथल्या हिरवळीवर आमचं सामान लावून बघत होतो. योखेन गिटार वाजवायचा, युक्सेल बास गिटार आणि मी, एकी सोबोटा, ड्रम. योखेननं विजेची वायर सरळ पाण्याच्या काठावरून नेली होती. पलीकडच्या टोकाला उंच खुर्चीवर बसलेली जीवरक्षक पोरगी ताडकन उठून उभी राहिली. मध्ये पन्नास मीटर पाणी, त्यात शे-दीडशे पोरांचा कालवा, त्यात युक्सेलचं सूर लावणं चाललेलं. तरी तिचं एकेक अक्षर आमच्या कानावर येऊन आदळलं.

"ए गिटारवाल्या, ती वायर उचल. पोरांचं सूप करायचंय का तुला?"

हातात कर्णा नाही, काही नाही. योखेननं वायर उचलली, खांद्यावर टाकली आणि तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "एकी, हाच आवाज."

त्याला गायक हवा होता, आणि तातडीनं हवा होता. आमचा गायक ऊलरिख लष्कराची सक्ती चुकवायला नऊ दिवसांपूर्वी पश्चिम बर्लिनला, जिथं ती सक्ती नव्हती, पळून गेला होता. माईक ठेवून गेला, गाणी मात्र घेऊन गेला. आमच्या बँडचं नाव क्वेरश्लाग. कोळशाच्या एका थरापासून दुसऱ्यापर्यंत दगड फोडून जो आडवा बोगदा काढतात, त्याला आमच्याकडे तसं म्हणतात. आम्ही तिघंही फ्रीडेरिका खाणीत कामाला होतो, तेव्हा दुसरं नाव सुचलंच नाही.

मार्लिस तेवीस वर्षांची होती. तिचा बाप अल्फोन्स आमच्याच खाणीत तीस वर्षं कोळसा फोडत आला होता. गाण्याचा अनुभव विचारला तर म्हणाली, चर्चच्या गानवृंदात होते, पण बाकीच्या तीस जणी ऐकू येत नाहीत म्हणून पाद्रीबाबांनी गोड बोलून घरी पाठवलं. मग ती म्हणाली, "आणि मला इंग्रजी येत नाही." त्या काळी रॉक म्हटलं की इंग्रजीच. युक्सेल म्हणाला, "ऐकणाऱ्यांना तरी कुठं येतं?"

शेवटी ती आली. खाणीमागच्या जुन्या तबेल्यात आम्ही दोन संध्याकाळी तालीम केली. इंग्रजी शब्द आम्ही जर्मन अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून दिले. अर्थ तिनं विचारला नाही, आणि विचारला असता तर आम्हालाही सांगता आला नसता.

रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही उभे राहिलो. आमच्याआधी अग्निशमन दलाचा वाद्यवृंद झाला होता आणि ती मंडळी गणवेशातच बिअर घेत बसली होती. दोनेक हजार माणसं हिरवळीवर पसरलेली. भाजलेल्या सॉसेजचा आणि क्लोरिनचा वास एकमेकांत मिसळलेला. मार्लिसची कामाची पाळी दोनला संपली होती, म्हणून ती जीवरक्षकाच्या पांढऱ्या शर्टातच आली. पहिली दोन गाणी बरी गेली. लोक खात होते, मधूनच टाळ्या वाजवत होते, परत खात होते.

तिसऱ्या गाण्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि पुठ्ठा उडून पाण्यात पडला.

मार्लिसनं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार, ठेका चालू ठेवला. योखेननं तोच तुकडा पुन्हा वाजवला, पुन्हा एकदा वाजवला. ती पाण्याकडे वळली. तिथं दोन पोरं काठावर चढून उडी मारायच्या बेतात होती. दिवसातून ऐंशी वेळा जे तोंडातून जायचं, तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं, फक्त त्या गाण्याच्या चालीवर.

"काठावरून उडी मारायची नाही!"

हिरवळीवर कोणीतरी फिस्सकन हसलं. तिनं ते परत गायलं, या वेळी जरा ठासून. मग तिला सापडलंच. पळायचं नाही, ढकलायचं नाही, ओल्या अंगानं टेबलावर बसायचं नाही, जेवून तासभर पाण्यात उतरायचं नाही. प्रत्येक ओळ ती आणखी वर नेत होती आणि खालून आम्ही तिघं जीव तोडून वाजवत होतो. लोकांच्या तोंडातले घास थांबले. तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून या तलावावर कोणी ना कोणी रागावलेलं होतं. ती सगळी बोलणी आज एक पोरगी गिटारीवर गात होती, आणि गातही अशी होती की छातीत धडधडावं. तिसऱ्या फेरीला ती नुसतं "काठावरून" म्हणून थांबली आणि दोन हजार माणसं एका आवाजात ओरडली, "उडी!"

अग्निशमन दलाचा तुतारीवाला, पन्नाशीचा, पोट सुटलेला गृहस्थ, उठला. टोपी काढून बायकोच्या हातात दिली आणि गणवेशासकट काठावरून उडी मारली. मग कोण कोणाला आवरणार? माणसं धावतच सुटली. आज्या चपला काढून पाय बुडवून बसल्या, बापे पोरांना काखेत धरून उडाले. पाणी उसळून माझ्या ड्रमपर्यंत आलं. आम्ही ते एकच गाणं सतरा मिनिटं वाजवलं. थांबलो तेव्हा माझ्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती आणि मला ते कळलंही नव्हतं. मार्लिस कमरेवर हात ठेवून उभी होती, घामानं निथळत, आणि एखाद्या लहान मुलासारखी हसत होती.

सोमवारी तलावाच्या व्यवस्थापक बाई तिला म्हणाल्या, वर्षभर मेहनत करून लावलेली शिस्त तू सतरा मिनिटांत बुडवलीस. मग त्यांनी विचारलं की पुढचा कार्यक्रम कुठं आहे.

त्या दिवसानंतर आम्ही इंग्रजीला रामराम ठोकला. आमच्या भागातली माणसं व्याकरणाची ऐशीतैशी करून बोलतात. शिकलेले लोक हसतात त्याला. मार्लिस तशीच लिहायची आणि तशीच गायची. पाळी सुटल्यावर अंघोळीच्या रांगेत होणारी भांडणं, ट्राममध्ये वाढलेलं प्रेम, रविवारी गाडी धुणारे नवरे. तबेल्यातून आम्ही युवक केंद्रात गेलो, युवक केंद्रातून सभागृहात. १९८१ मध्ये हाम्बुर्गच्या एका रेकॉर्ड कंपनीतून थामसेन नावाचे एक सडपातळ गृहस्थ आले, मागच्या रांगेत बसून त्यांनी पूर्ण कार्यक्रम ऐकला आणि निघताना करार करूनच गेले. पहिली रेकॉर्ड सहा आठवड्यांत देशभर पोचली. किल शहरात, जिथली माणसं आमच्याशी बोलतानाही कपाळाला आठ्या घालायची, तिथं शाळेच्या बसमध्ये पोरं आमच्या बोलीत आमची गाणी म्हणत होती. मी खाणीतून बिनपगारी रजा घेतली. आईला वाटलं माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी थामसेन म्हणाले, "बाई, तुमचं हे बोलणं म्युनिकच्या लोकांना अर्धंच कळतं. शुद्ध भाषेत गाऊन तर बघा." मार्लिसनं गाऊन बघितलं. पुढं ती नेहमी सांगायची, थामसेनना दोष देऊ नका, मलाच मोह झाला होता. चंदेरी जाकीट शिवलं, केसांचा डोंगर केला, शब्द घासूनपुसून लख्ख केले. रेकॉर्ड पहिलीपेक्षाही जास्त खपली. होल्टरबेकमध्ये मात्र कोणी अक्षर काढेना. भेटले की हवापाण्याच्या गप्पा मारायचे. तिनं बापाला घरी नेऊन ती ऐकवली. अल्फोन्सनं दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या आणि म्हणाला, "छान आहे. कोण गातंय?"

तिनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही टीव्हीच्या स्टुडिओत मेकअपच्या खुर्च्यांवर बसलो होतो. मार्च १९८३, शनिवार संध्याकाळचा मोठा कार्यक्रम. जेवणं आटोपून सगळं घर ज्याच्यासमोर बसतं, तसला. तिथं खरं गाणं नसायचं. टेप लावायची, आपण ओठ हलवायचे. माझ्या ड्रमवर तर रबराच्या चकत्या बसवल्या होत्या, आवाजच येऊ नये म्हणून. वाजवलं की गादीवर धपाटे घातल्यासारखं वाटे.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं तिनं नीट ओठ हलवले. दुसऱ्या कडव्यात तिनं तोंड मिटलं. टेपमधली मार्लिस गात राहिली आणि समोरची मार्लिस ओठ घट्ट मिटून सरळ कॅमेऱ्यात बघत उभी राहिली. हे देशभर चालू होतं, थेट. मग तिनं चंदेरी जाकीट काढून ठेवलं, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपर्यंत चालत गेली आणि गायला लागली. तेच गाणं, पण आपल्या बोलीत, टेपमधल्या स्वतःच्याच आवाजाच्या वर. दोन मार्लिस एकमेकींशी भांडत होत्या आणि जिवंत होती ती जिंकत होती.

वर काचेच्या खोलीत एक ध्वनितंत्रज्ञ बसला होता, आमच्या बाजूचा, डॉर्टमुंडचा. त्यानं टेप बंद केली आणि रंगमंचावरचे माईक उघडले. नोकरी जाईल की राहील याचा विचार त्यानं केला नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. मी रबराच्या चकत्या उपटून फेकल्या आणि बडवायला घेतलं. युक्सेलची बास गिटार वायरीला जोडलेलीच नव्हती, तो बिचारा नाचला. समोरच्या, मोत्यांच्या माळा घातलेल्या बायका उभ्या राहिल्या. मी आजवर शेकडो कार्यक्रम वाजवले असतील, पण ती दोन मिनिटं आठवली की अजून माझे पाय आपोआप ठेका धरतात.

बाहेर थामसेन उभे होते. आता आपली हकालपट्टी, असं धरूनच आम्ही गेलो. त्यांनी मार्लिसच्या हातात तिचं जाकीट दिलं. "पुढची रेकॉर्ड तुमच्या भाषेत," ते म्हणाले. "मी चुकलो असं मी म्हणालो, हे मात्र बाहेर सांगू नका."

पुढचं दीड वर्ष आम्ही गाडीतच राहिलो म्हणा ना. वर्षाला एकशे चाळीस कार्यक्रम. मार्लिस रोज तशीच गायची, जशी तलावावर ओरडायची, अख्खं अंग घालून. श्वास कसा घ्यायचा, आवाज कसा जपायचा, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि तिला कधी गरज वाटली नव्हती. ऑक्टोबर १९८४ मध्ये कासेलच्या कार्यक्रमात, चौथ्या गाण्याच्या मध्यावर, तिनं वरचा सूर घ्यायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तिनं परत प्रयत्न केला. हवाच. लोकांना वाटलं माईक बिघडला.

स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं की तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. आवाज येईल, पण तोच येईल असं सांगता येत नाही.

ते तीन आठवडे ती बापाकडे राहिली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. अल्फोन्सच्या छातीत खाणीची धूळ बसली होती, म्हणून त्यालाही मुदतीआधीच घरी बसवलं होतं. मी भेटायला गेलो तर बापलेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलेले, मध्ये एक दगडी पाटी. मार्लिसनं काहीतरी खरडलं. अल्फोन्सनं वाचलं, पाटी ओढून घेतली, तिची शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि खाली उत्तर लिहिलं. चिडला होता, पण लिहूनच. बटाटे हवेत का, हेही त्यानं मला लिहूनच विचारलं.

खाणीत लहानथोर सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. मी म्हणालो, "अल्फोन्स, आवाज तिचा बंद आहे. तुझा नाही."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कधी शाळेतच गेलो नव्हतो. मग पाटी पुसून लिहिलं: तिनं एकटीनंच का?

एकवीस दिवस तो माणूस बोलला नाही.

आवाज आला, पण खाली उतरून आला. खरखरीत, रेतीत फावडं ओढावं तसा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला, पण माझं कोण ऐकतो? मार्लिसला तो परक्याचा वाटायचा. तिनं गाणं थांबवलं. थामसेन दर महिन्याला फोन करायचे, तीही दर महिन्याला नाहीच म्हणायची. पुन्हा तलावावर रुजू झाली, गळ्यात शिट्टी अडकवून. योखेन पोरांना गिटार शिकवू लागला आणि मी परत खाणीत उतरलो. अडीच वर्षं अशी गेली.

१९८७ च्या एप्रिलमध्ये बातमी आली की फ्रीडेरिका बंद करणार. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी अख्खा गाव खाणीच्या फाटकासमोर जमला. गाव कसला, आसपासचे चार गाव. पंधरा हजार माणसं असतील. बेकरीवाल्यांनी दुकानं बंद ठेवली होती, बायका मुलांना गाड्यांत घालून आल्या होत्या, खाणीचा गानवृंद काळ्या गणवेशात, टोपीत पिसं खोचून एका मालट्रकवर उभा होता. मार्लिस बापाचा हात धरून गर्दीत होती, अल्फोन्सला दर पन्नास पावलांवर थांबावं लागायचं म्हणून. भाषणं झाली. मग कुठून तरी एकानं तिचं नाव घेतलं. मग दहांनी. मग ते नाव लाटेसारखं फाटकापासून मागच्या चौकापर्यंत गेलं आणि परत आलं.

मार्लिसनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. मी शेजारीच होतो, म्हणून मला पुढचं ऐकू आलं.

"गा," अल्फोन्स म्हणाला.

"बाबा, हा तो आवाज नाही राहिला."

"आमची फुफ्फुसं तरी कुठं ती राहिलीत? गा तू."

ती ट्रकवर चढली. मी मागोमाग चढलो, सवयच ती. ड्रम नव्हता, गिटार नव्हती. तिनं माईक हातात घेतला आणि जे गाणं सुरू केलं ते मी कधी ऐकलंच नव्हतं. घरी बसून लिहिलं होतं तिनं, कोणाला दाखवलं नव्हतं. पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसाला बायको जिन्यावरून हाक मारते आणि तो मागं वळून बघत नाही, कारण वळलं तर जाववणार नाही. एवढंच गाणं. पहिली ओळ तिनं इतकी खाली घेतली की लाउडस्पीकर घुमला.

दुसऱ्या ओळीला तिच्या मागं काहीतरी हललं. गानवृंदातले खर्जातले म्हातारे गुणगुणू लागले होते. शब्द त्यांना माहीत नव्हते, पण सूर त्यांच्याच वस्तीतला होता. तिचा जुना आवाज त्यांच्या डोक्यावरून उडून गेला असता. हा आवाज त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मार्लिसनं चमकून मागं बघितलं. तिचा चेहरा बदलला, मी बघितला. मग तिनं पुढची ओळ भीती सोडून घेतली. मी गुडघ्यावर बसलो आणि ट्रकच्या फळीवर दोन्ही हातांनी ठेका धरला. खाली कोणीतरी शिरस्त्राण काढून त्यावर मुठीनं वाजवू लागलं, मग सगळेच. हजारो शिरस्त्राणं. जमीन हादरत होती म्हणालो तर खोटं वाटेल, पण माझ्या गुडघ्यांना ती कळत होती.

ते गाणं तिनं तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा सगळ्यांना पाठ होतं.

खाण वाचली नाही. दीड वर्षांत शेवटचा कोळसा वर आला, आणि त्या दिवशी मीही खाली होतो. पण त्या शनिवारचं गाणं कोणीतरी टेप करून रेडिओवर लावलं होतं आणि सोमवारी थामसेनचा फोन आला. या वेळी मार्लिसनंच आधी बोलायला सुरुवात केली. शाळेच्या व्यायामशाळेत आठ दिवसांत आम्ही रेकॉर्ड केली, चाळीस म्हाताऱ्या खाणकामगारांसकट. त्यांना दर अर्ध्या तासाला कॉफी लागायची आणि दर तासाला भांडण. मार्लिसनं एका गायन शिक्षिकेकडून श्वास घ्यायला शिकून घेतलं, तेहतिसाव्या वर्षी, आणि अजून तेवीस वर्षं गायली. आधीच्या सगळ्या रेकॉर्ड एकत्र केल्या तरी त्या एका रेकॉर्डएवढ्या खपल्या नाहीत.

पण मला सांगायचंय ते डॉर्टमुंडचं. नोव्हेंबर १९८८, मोठं सभागृह, बारा हजार माणसं. एकही खुर्ची रिकामी नाही. पडद्यामागं गानवृंद रांगा लावून उभा होता आणि दुसऱ्या रांगेत, उसना काळा गणवेश घालून, अल्फोन्स. दोन ओळी म्हणायचाही दम त्याच्यात नव्हता. गानवृंदाच्या प्रमुखानं विचारलं, तू इथं काय करतोयस? तो म्हणाला, "मी टीव्हीसारखा गाणार. नुसते ओठ." पुढच्या वसंतात तो गेला, पण त्या संध्याकाळी त्याचे गाल लाल झाले होते आणि पीस जरा वाकडं खोचलेलं होतं. मार्लिसनं ते सरळ केलं.

बाहेर बारा हजार माणसांनी पाय आपटायला सुरुवात केली होती. माझ्या स्टुलाखालची लाकडी जमीन थरथरत होती. योखेन तिसऱ्यांदा सूर तपासत होता. युक्सेल डोळे मिटून उभा होता. मार्लिसनं माईक घेतला, एक लांब श्वास पोटात भरला, जसा तिला आता येत होता, आणि माझ्याकडे वळली.

"एकी, आज जरा जलद घे."

"किती जलद?"

"मला दमवशील इतकं."

पडदा उघडायच्या आधीच मी काठ्या उचलल्या.